तुम्ही काय, घरचेच!

शाळेत असताना 'धनको' आणि 'ऋणको' हे दोन शब्द मला जुळ्या भावांसारखे वाटत. त्यांतला पैसे देणारा कोण आणि बुडवणारा कोण, हे मास्तरांनी छडी उगारल्याखेरीज मला कधी आठवले नाही. पुढे नशिबाची गंमत अशी की, मी चौतीस वर्षे एका सरकारी कचेरीच्या हिशेब शाखेत काढली. लोकांची बिले 'तरतूद नाही' असा शेरा मारून परत पाठवणे, हे माझे काम. ते मी इतके मन लावून केले की निवृत्तीच्या समारंभाला दोन कंत्राटदार स्वखर्चाने हार घेऊन आले होते.

त्यामुळे आमच्या कॉलनीच्या क्रीडा मंडळाने मला खजिनदार नेमले, तेव्हा कोणालाच नवल वाटले नाही. खेळाशी माझा संबंध कॅरमच्या बोर्डावर पावडर टाकण्यापलीकडे कधी गेला नव्हता. पण पैसे न देण्याचा इतका दांडगा अनुभव असलेला माणूस फुकट मिळत असेल, तर कोणते मंडळ सोडील?

एका वर्षी वर्गणी कमी पडली. स्पर्धा तर दारात आलेली. मी कागदावर देण्याची यादी केली: मांडववाला, लाउडस्पीकरवाला, ढाली आणि करंडक, पंच, प्रमुख पाहुण्यांची शाल, श्रीफळ व जाण्यायेण्याची टॅक्सी, आणि सर्वांत खाली, मैदानावरचे मामा. मामा म्हणजे मैदानाला पाणी मारणारे, खडे वेचणारे आणि फक्कीने रेघा आखणारे गृहस्थ. आता आधी कोणाचे द्यायचे? मांडववाला बोलला काही नाही, फक्त एका बांबूची सुतळी सोडू लागला. त्याचे दिले. लाउडस्पीकरवाल्याच्या हातात माइक होता, आणि माझे नाव त्याला ठाऊक होते. त्याचेही दिले. पंच उद्या हवे होते. प्रमुख पाहुणे पुढल्या वर्षी देणगी देतील अशी आशा होती. उरले मामा. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मी म्हणालो, "मामा, तुमचं काय, तुम्ही घरचेच! पुढच्या महिन्यात एकदम घ्या."

"असू द्या साहेब," मामा म्हणाले आणि पाइप उचलून मैदानाकडे गेले.

तो 'पुढचा महिना' तीन वेळा येऊन गेला. अखेर मी पैसे घेऊन पंपाच्या खोलीत गेलो, तर भिंतीवर फक्कीच्या चार रेघा. माझ्या वहीत महिने तीन. हिशेब शाखेत जन्म काढलेला माणूस भिंतीवर कसा विश्वास ठेवणार? घरी येऊन वही पुन्हा चाळली, तर एका पानाच्या तळाशी माझ्याच अक्षरात लिहिले होते: 'मामा: पुढे पाहू.' चौथा महिना दिला. मामांनी तो मोजून घेतला आणि किराणावाल्याकडे गेले. मध्यंतरी त्यांचे घर त्या किराणावाल्याने चालवले होते. म्हणजे आमच्या स्पर्धेला उधारी दिली ती त्या वाण्याने, आणि त्या बिचाऱ्याला साधा बिल्लासुद्धा मिळाला नाही.

हे सगळे मी विसरून गेलो होतो. अशा गोष्टी विसरण्याची सोय देवाने ऋणकोला मुद्दाम करून ठेवलेली असते. आठवण झाली ती थेट इंग्लंडात.

आमची मुलगी मँचेस्टरला असते. २०२४ साली आम्ही दोघे तीन महिन्यांसाठी तिच्याकडे गेलो होतो. जावईबापू मूळचे पुण्याचेच, पण फुटबॉलचे वेडे. पुण्यात एफसी पुणे सिटी नावाचा व्यावसायिक क्लब होता हे मला तो २०१९ साली बंद पडल्यावर कळले, तर जावईबापूंना त्या गोष्टीचे सुतक अजून आहे. लीगमधली ती जागा मग हैदराबादच्या नव्या क्लबाने घेतली. तो क्लब २०२२ साली गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर विजेता ठरला, आणि २०२३-२४ च्या हंगामात पगार थकल्यामुळे त्याचे खेळाडू एकेक करून निघून गेले. विजेतेपदापासून थकबाकीपर्यंत दोन वर्षे! आमच्या कचेरीत एवढ्या वेळात एक फाइल टेबल बदलत नसे.

एका रविवारी जावईबापू म्हणाले, "बाबा, चला, तुम्हाला हिशेबाचं तीर्थक्षेत्र दाखवतो." मँचेस्टरच्या उत्तरेला एक जुने कापडगिरण्यांचे गाव आहे. स्पेलिंगवरून मी त्याला 'बरी' म्हणत होतो. "बरी तर बरी," म्हणून सौ. पायांत बूट घालून तयार झाली. तिथे गेल्यावर कळले की लोक त्याला 'बेरी' म्हणतात. ज्या गावाच्या नावातच पाऊण बेरीज आहे, त्याच गावच्या क्लबाची बेरीज चुकावी, याला काय म्हणावे?

क्लब साधासुधा नव्हे. स्थापना १८८५. त्याच वर्षापासून मैदान एकच, गिग लेन. एफए कप दोनदा जिंकलेला, १९०० साली आणि १९०३ साली. दुसऱ्या खेपेला तर डर्बी काउंटीला सहा विरुद्ध शून्य असे लोळवले. अंतिम सामन्यातल्या या फरकाची बरोबरी करायला मँचेस्टर सिटीसारख्या कुबेराला २०१९ साल उजाडावे लागले. आणि २०१९ सालीच बेरी बुडाली.

२०१८ च्या डिसेंबरात हा क्लब एका गृहस्थांनी एक पौंडाला विकत घेतला. एक पौंड! एवढ्यात तिथे धड चहासुद्धा मिळत नाही. पण क्लबाबरोबर त्याची देणीही आली. पगार थकू लागले. आणि गंमत पाहा, पगार थकलेल्या त्याच पोरांनी त्या हंगामात दुसरा क्रमांक मिळवून क्लबाला वरच्या वर्गात नेले! शेजारच्या बोल्टन गावातही तेव्हा हीच रड. तिथल्या खेळाडूंनी एप्रिलमध्ये ब्रेंटफर्डविरुद्ध खेळायला साफ नकार दिला आणि सामना रद्द झाला. क्लबाच्या साध्या नोकरमाणसांसाठी मात्र मे महिन्यात धान्य आणि डबाबंद अन्नाची मदत गोळा करावी लागली. पगार दोघांचेही थकले होते, पण एकाच्या हातात सामना होता आणि दुसऱ्याच्या हातात पिशवी.

आता मुद्द्याची गोष्ट. इंग्लंडच्या लीगचा एक नियम आहे. क्लब दिवाळखोरीत निघाला, तर लीगमध्ये राहण्यासाठी त्याने खेळाडूंचे पगार आणि इतर क्लबांची देणी पूर्ण फेडायची. बाकीच्यांना, म्हणजे छापखानेवाला, खानावळवाला, आणि २०२० पर्यंत सरकारी कर खाते यांना, उरल्यासुरल्यातून. बेरीच्या तडजोडीत या बाकीच्यांना पौंडामागे २५ पेन्स मिळायचे होते. आमच्या पिढीच्या भाषेत, रुपयाला चार आणे. २०१० साली पोर्टस्मथचा क्लब बुडाला, तेव्हा तर धनकोंच्या यादीत सेंट जॉन ॲम्ब्युलन्सवाले होते. मैदानात कोणी कोसळला तर धावत जाणारी सेवाभावी मंडळी! कर खाते या नियमाविरुद्ध न्यायालयात गेले आणि २०१२ साली हरले. हे ऐकून जुना सरकारी नोकर म्हणून मला क्षणभर गहिवरून आले.

पण खरे सांगतो, माझ्यातला खजिनदार त्या नियमाच्या बाजूने होता. खेळाडूंचे दिले नाही तर ते जातील, ते गेले तर संघ नाही, संघ नाही तर तिकिटे नाहीत, आणि मग ॲम्ब्युलन्सवाल्यांना चार आणे तरी कोठून मिळणार? शिवाय खेळाडूचेही पोट असतेच, आणि खालच्या वर्गातला खेळाडू काही महालात राहत नाही. मी हे सारे जावयांना पटवून दिले. ते म्हणाले, "म्हणजे बाबा, जो निघून जाऊ शकतो, त्याचे आधी. जो जात नाही, त्याचे नंतर."

मी गप्प झालो. मला मांडववाल्याची सुतळी आठवली.

वाईट त्या नियमाचे वाटत नाही. तंगीच्या वेळी कोणता तरी क्रम लावावाच लागतो. वाईट याचे वाटते की, तो क्रम लावून झाला की आपण त्यालाच न्याय म्हणतो. मांडववाल्याचा हक्क मामांपेक्षा मोठा नव्हता. त्याची मला भीती वाटत होती, एवढेच. आणि मामांची वाटत नव्हती, या गोष्टीला मी 'घरचेच' असे गोड नाव दिले. आपल्याकडे हा शब्द मोठा धोक्याचा. पंगतीत 'घरचे मागून बसतील' म्हणतात आणि मागून बसणाऱ्यांच्या पानात जिलबी पोचलेली मी आजतागायत पाहिलेली नाही. ज्याचा जीव त्या कामात अडकला आहे, तो थांबतो. पण त्याचे थांबणे ही संमती नव्हे. त्याने ते प्रेम आपल्याला कर्जाऊ दिलेले नसते. आपणच ते परस्पर उचलतो, आणि बिनव्याजी!

२७ ऑगस्ट २०१९ ला बेरीचा निकाल लागायचा होता. नवा खरेदीदार येणार आणि शनिवारी सामना होणार, या आशेवर सकाळपासून शेकडो गावकरी गिग लेनवर झाडू, फडकी घेऊन आले. खुर्च्या पुसल्या, गवत उपटले. सगळे फुकट, घरचेच ना! दुपारी खरेदीदाराने अंग काढून घेतले. पैशांचा पुरावा क्लबाला देता आला नाही, आणि त्याच रात्री लीगने बेरीला काढून टाकले. पुढे याच लोकांनी खटपट करून २०२२ साली मैदान सोडवले आणि २०२३ पासून क्लब पुन्हा तिथे खेळू लागला. आम्ही गेलो तेव्हा तिसऱ्या पायरीवरचा क्लब नवव्या पायरीवर होता. मैदानाच्या भिंतीला हात लावून जावईबापू उभे राहिले. मीही हात लावला. फक्कीच्या रेघा कोठे दिसतात का, ते पाहिले.

परतताना मी सौ.ला सहज विचारले, "काय गं, या तीन महिन्यांचं कामवाल्या बाईंचं काय ठरलंय?"

"काय ठरायचंय? आपण नाही तर काम नाही. तीन महिने सुट्टी घ्या म्हटलं. त्या 'चालेल' म्हणाल्या. अकरा वर्षांच्या आहेत आपल्याकडे. अगदी घरच्यासारख्या..."

तिने वाक्य अर्धेच सोडले. गाडीत कोणी काही बोलेना. मग तिनेच पर्समधून फोन काढला आणि शेजारच्या वहिनींना सांगितले, की बाईंना दोन महिन्यांचा पगार आजच द्या, तिसरा एक तारखेला, आम्ही आल्यावर हिशेब करू.

तासाभराने वहिनींचा फोन आला. बाईंनी पैसे घेतले होते, पण त्या भारी काळजीत पडल्या होत्या. "ताई," त्यांनी विचारले होते, "साहेब तिकडं आजारी-बिजारी नाहीत ना?"