पहारा आणि विश्वास

मुलांचे अंगण आता पडद्यावर आले आहे. तेथे ती खेळतात, मैत्री जोडतात. परंतु समवयस्क म्हणून बोलणारा खरोखर कोण आहे, हे त्यांस कळत नाही. मग पालकांनी त्यांचे संदेश चोरून वाचावेत काय?

आमच्या मते रक्षण हे कर्तव्य आहे, हेरगिरी नव्हे. देखरेख उघड असावी, तिचे कारण मुलास सांगावे, आणि वय वाढेल तशी ती सैल करावी. दुष्टाचे खरे शस्त्र गुप्तता हेच असते. तो प्रथम स्तुती करतो, मग छायाचित्र मागतो, आणि शेवटी बदनामीची धमकी देतो. मुलास घरच्या शिक्षेचे भय अधिक वाटले, की त्याचे साधले.

लैंगिक हेतूने अशी धमकी देणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे. १०९८ या बालमदत क्रमांकावर साहाय्यही मिळते. परंतु त्याआधी मुलाने घरी तोंड उघडले पाहिजे. म्हणून, वाचकहो, आजच त्यास वचन द्यावे : "चूक तुझी असली तरी सांग, आधी तुला जवळ घेऊ, मग विचारू." हे वचन पाळणे हाच खरा पहारा होय.