दाखल क्रमांक नसलेले ग्रंथ

ग्रंथबंदीचे युग आता संपले, असा निर्वाळा आमच्या जिल्ह्यातील एका व्याख्यानमालेत एका विद्वान वक्त्यांनी नुकताच दिला. ग्रंथ पडद्यावर आले, पडद्यावरील अक्षराला जप्तीचा कारकून हात लावू शकत नाही, सबब वाचक स्वतंत्र झाला, असा त्यांचा युक्तिवाद होता. बुलढाणा जिल्ह्यात उभे राहून असे बोलणाऱ्याने निदान सिंदखेडराजाचे स्मरण ठेवावयास हवे होते.

जिजाऊंच्या या जन्मगावाला ज्या ग्रंथाने डिवचले, तो जेम्स लेन यांचा शिवाजी महाराजांवरील ग्रंथ २००३ साली निघाला. त्यातील जिजाऊंविषयीचा तो कुचाळकीवजा मजकूर इतिहासकाराच्या लेखणीपेक्षा चावडीवरच्या कुटाळांच्या तोंडी अधिक शोभला असता, आणि तो वाचून ज्यांचे मन पोळले त्यांना मी हसणार नाही. मात्र ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेवर, लेन यांना तेथे साहाय्य मिळाले म्हणून, जो हल्ला झाला, त्यात त्या मजकुराशी सुतराम संबंध नसलेल्या दुर्मिळ पोथ्यांची नासधूस झाली.

शासनाने ग्रंथ जप्त केला. आणि जप्तीचे हे कलम मला, का कोण जाणे, फार आवडते. १९२२ साली इंग्रजांनी फौजदारी संहितेत घातलेले, १९७३ च्या संहितेत ९५ व्या क्रमांकावर बसलेले आणि आता नागरिक सुरक्षा संहितेत ९८ वे झालेले हे कलम दिसायला उग्र असले, तरी त्याला एक अदब आहे: शासनाने आपल्या मताची कारणे अधिसूचनेत नमूद केलीच पाहिजेत, आणि ज्याचा हितसंबंध असेल त्याला दोन महिन्यांच्या मुदतीत उच्च न्यायालयाकडे दाद मागता येते, जेथे तीन न्यायाधीशांचे पीठ त्याचे म्हणणे ऐकते. येथे दाद मागणारे लेखक वा प्रकाशक नव्हते. संघराज रूपवते, आनंद पटवर्धन यांच्यासारखे नागरिक होते. कोणत्या समूहांत वैर माजेल हे अधिसूचनेला सांगता आले नाही, म्हणून २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जप्ती रद्द केली आणि ९ जुलै २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. लेखी कारण होते, म्हणूनच ते खोडता आले.

पडद्यावरील बंदीची रीत पाहा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाखालील २००९ च्या नियमांत तक्रार आणि कारवाई या दोहोंबाबत कडक गोपनीयता सांगितली आहे. वाचकाला दिसते ते फक्त न उघडणारे पान. हुकूम न्यायालयाचा असला तरी वाचकाची गत निराळी होत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये हिंदी चित्रपटांच्या चोरट्या प्रतींवरील मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे इंटरनेट अर्काइव्ह हे अवघे संकेतस्थळ काही दिवस बंद पडले आणि त्यावरील जुने मराठी ग्रंथही त्यासोबत गेले. त्यांतील ‘जब हॅरी मेट सेजल’च्या खटल्यात मराठी वाचकाने कोणती कैफियत द्यावयाची होती? शाळांची कथा याहून बारीक आहे. एनसीईआरटीच्या २०२३ च्या पुस्तकांतून गांधीहत्येविषयीच्या अशा काही ओळी गेल्या, ज्या जाहीर केलेल्या वगळणुकीच्या यादीत नव्हत्या. जुनी छापील प्रत शेजारी ठेवली म्हणून ते उघडकीस आले. जेथे जुन्या फाईलच्या जागी नवी फाईल त्याच नावाने बसते, तेथे शेजारी काय ठेवणार?

तथापि एक गोष्ट त्या वक्त्यांच्या बाजूने मोजली पाहिजे, आणि ती लिहिता लिहिताच मला अधिकाधिक जड वाटू लागली आहे. २०१० च्या निकालानंतरही लेन यांचा तो ग्रंथ आमच्याकडच्या वाचनालयाच्या कपाटात माझ्या पाहण्यात नाही. कायद्याने सोडले, भीतीने धरून ठेवले. कपाट धाकाने रिकामे राहते तेव्हा पडदाच वाचकाच्या उपयोगी पडतो. म्हणून पडद्याशी माझे भांडण नाही; नोंद न ठेवण्याशी आहे.

अनुदानित वाचनालयाच्या दाखल नोंदवहीत प्रत्येक ग्रंथाला क्रमांक असतो. ग्रंथ निर्लेखित करावयाचा तर ठराव होतो, शेरा पडतो, पण तो क्रमांक दुसऱ्या ग्रंथाला दिला जात नाही आणि गेलेल्या ग्रंथाचे नाव वहीत वाचता येते. जिल्ह्यातील वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांना आणि शाळांच्या व्यवस्थापन समित्यांना माझी विनंती आहे, की संगणकावरील व टॅबवरील साहित्यासाठीही अशी वही घालावी, काही काढावे लागले तर कोणाच्या तक्रारीवरून आणि कोणत्या कारणास्तव काढले हे तीत लिहावे, आणि मागेल त्या वाचकाला ती वही दाखवावी.