‘याखेरीज दुसरें कांहीं नाहीं’

पूर्वज कोणास म्हणावें? आईबाप हे पूर्वज. पूर्वजांचे आईबाप तेही पूर्वज. याखेरीज दुसरा कोणी नाहीं. व्याख्येंत तोच शब्द पुन्हां आला, तरी वाचकांस खटकणार नाहीं. कारण पायरीपायरीनें आपण वर चढतों. शून्य ही संख्या, आणि कोणत्याही संख्येच्या लगतची पुढची तीही संख्या, ही व्याख्या त्याच जातीची. खरी अडचण शेवटच्या कलमांत आहे. ‘मोजक्या पायऱ्यांनीं जें मिळेल तेंच’ म्हणावें, तर मोजावयास आधीं संख्याच हव्यात!

फ्रेगे (१८७९) व डेडेकिंड (१८८८) यांनीं काढलेली वाट थोडक्यांत अशी: ज्या ज्या समुच्चयांत शून्य आहे आणि प्रत्येक घटकाच्या पुढचाही घटक आहे, त्या सर्व समुच्चयांस जें जें समाईक, त्यास संख्या म्हणावें. युक्ति सुंदर खरी. पण त्या ‘सर्व’ समुच्चयांत खुद्द संख्यांचा समुच्चयही येतो. ज्याचा निवाडा करावयाचा तोच साक्षीदारांत उभा! प्वांकारेनें १९०६ सालीं नेमकें याच चक्रावर बोट ठेविलें. रॅम्झेनें १९२५ सालीं उत्तर दिलें कीं, ‘या मंडळींतील सर्वांत उंच गृहस्थ’ असें आपण म्हणतों, तेव्हां तोही मंडळींतच असतो. त्यांत बिघडलें काय?

कांहींच नाहीं, मात्र तो गृहस्थ आधींपासून तेथें बसलेला असावा. संख्या तशा बसलेल्या आहेत काय? गोडेलनें १९४४ सालीं वाद येथेंच आणून ठेविला. आमचा कल, संख्या मनुष्यानें घडविल्या, या मताकडे आहे. पण मग प्वांकारेचा आक्षेप आमच्याच दारांत येऊन बसतो, आणि त्यास घालवून देण्याजोगें उत्तर आम्हांस अद्याप सुचलेलें नाहीं.