हेराचे असत्य

चौथे शील आपण घरोघरी म्हणतो, मुलांकडूनही म्हणवून घेतो. पण दहशतवाद्यांच्या टोळीत पोलिसांचा माणूस नाव बदलून शिरला, निरपराधांचे जीव वाचावेत म्हणून रोज खोटे बोलला, तर त्याने शील मोडले काय? वर्गातील मुले हा प्रश्न हमखास विचारतात.

'जीव वाचले ना, मग झाले!' हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. डेव्हिड हेडली याचेच पाहा. हा मूळचा दाऊद गिलानी. हेरॉइनच्या व्यापारात १९८८ मध्ये व पुन्हा १९९७ मध्ये पकडला गेला आणि शिक्षा कमी व्हावी म्हणून अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा खबऱ्या बनला. लबाडी हाच त्याचा धंदा झाला, आणि तोही सरकारच्या संमतीने! पुढे तोच लष्कर-ए-तोयबाच्या छावणीत शिकला. २००६ मध्ये त्याने नाव बदलले, मुंबईत परदेशगमनाच्या कामाचे कार्यालय थाटले आणि ताजमहाल हॉटेलाची टेहळणी केली. त्याच्या एका पत्नीने २००५ मध्येच अमेरिकी अधिकाऱ्यांस सावध केले होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ माणसे गेली.

म्हणून हेर खोटे कोणाशी बोलतो एवढेच पाहू नका. खरे कोणापाशी बोलतो तेही विचारा. प्रामाणिक हेरास निदान एका ठिकाणी सगळे खरे सांगावे लागते. हेडलीने अशी जागाच ठेवली नाही. आणि ज्या खात्याने त्याची लबाडी कामास लावली, त्याने तिचा हिशेब ठेवावयास नको होता काय? माझ्या मते त्या खात्याचा दोष लहान नाही.

याचा एक धागा आपल्या बीड जिल्ह्यात येतो. गेवराईच्या झबिउद्दीन अन्सारी यास औरंगाबाद शस्त्रसाठा खटल्यात २०१६ मध्ये जन्मठेप झाली. मुंबईच्या हल्लेखोरांना कराचीहून फोनवर सूचना देणाऱ्यांत तो होता, असाही त्याच्यावर आरोप ठेवला गेला. (त्यावरून गेवराईच्या साऱ्या मोहल्ल्यांकडे बोट दाखविणारे भेटतात. एकाच्या नावाने सबंध वस्तीस धरणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणास ठाऊक?) या दुसऱ्या खटल्यात मुंबईच्या न्यायालयाने हेडलीस माफीचा साक्षीदार केले. अमेरिकेत ३५ वर्षांची शिक्षा भोगत असलेल्या त्या माणसाची साक्ष फेब्रुवारी २०१६ मध्ये तेथील तुरुंगातून पडद्यावर नोंदविली गेली. ज्याने जन्मभर नावे आणि निष्ठा बदलल्या, त्याच्या शब्दावर आता दुसऱ्या एका माणसाचा अपराध तोलावयाचा होता.