रजेतला स्वाध्याय

मार्च जवळ आला की आमच्या ऑफिसात एकच विषय निघतो: उरलेल्या पीएल लॅप्स होणार, त्यांचं काय करायचं? कुणी कोकणात जातं, कुणी गावच्या घराची डागडुजी काढतं, कुणी मनसोक्त झोपून घेतं. मी यंदा रजा टाकून घरी बसले आणि एकादशी काढणारा प्रोग्राम लिहिला. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "म्हणजे रजेतही कामच की गं!" तिचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. विश्रांतीसाठी मिळालेल्या दिवसांत पुन्हा शिकायला बसणं हा धर्म आहे, की ही एक प्रकारची हावच?

आपल्या परंपरेनं शिकण्यालाही सुट्टी दिलेली आहे. अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या या तिथींना वेदपाठ बंद. अवेळी मेघ गडगडले तरी बंद. याला अनध्याय म्हणतात. पण मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात याला एक अपवाद आहे: रोजच्या स्वाध्यायाला अनध्याय नाही. गुरूसमोरचा पाठ थांबतो, आपला आपण करायचा थांबत नाही, कारण तो ब्रह्मयज्ञ आहे आणि ऋषींचं ऋण त्यानंच फिटतं. आता, ज्या स्मृतीत हे आहे तिनं माझ्यासारख्या बाईला वेदाध्ययनाच्या दाराशीही उभं केलं नव्हतं, हे मी विसरू शकत नाही आणि विसरूही नये. ऋणाचा विचार मी घेते, कुंपण घेत नाही. माझ्या ऋषींमध्ये सावित्रीबाई सर्वांत आधी येतात. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली म्हणून मी आज कीबोर्डपुढे बसते आहे.

एकादशीच का, तर आबांमुळे. माझे वडील माळकरी. कॅलेंडरात कधीकधी लागोपाठ दोन दिवस एकादशी छापलेली असते, एक स्मार्त आणि एक भागवत, आणि आबा नेहमी दुसरी धरतात. लहानपणापासून हे बघत आले, पण त्यामागचं गणित कधी विचारलं नव्हतं. मुळातलं गणित साधं आहे. चंद्र सूर्यापासून दर १२ अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. अंतर १२० अंशांवर आलं की शुद्ध एकादशी लागते, १३२ ला संपते. चंद्राची गती सारखी नसल्यानं एखादी तिथी २० तासांच्या आसपास आटोपते, तर एखादी २६ तासांच्याही पुढे जाते. एवढं पुस्तकात मिळालं. पुढचं आबांनी फोनवर सांगितलं: "पहाटे अरुणोदयाला दशमी शिल्लक असली, की ती एकादशी विद्ध झाली. आम्ही दुसरा दिवस धरतो." अरुणोदय म्हणजे सूर्योदयाआधी चार घटिका, ९६ मिनिटं. प्रोग्राममध्ये ही एक अट घातली आणि स्मार्त व भागवत या तारखा वेगळ्या पडू लागल्या. पंढरपूरचे अक्षांश-रेखांश देऊन काढलेली यादी आबांनी त्यांच्या पंचांगाशी एकेक करून ताडून पाहिली. त्या वेळी मला जे वाटलं त्याला 'समाधान' हा शब्द थोडा पडतो.

ही वाट आपल्याकडे नोकरदारांनीच घातलेली आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित पेशानं शिक्षक. शिकवणं सांभाळून त्यांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ मराठीत लिहिला, तो १८९६ साली निघाला, आणि दोनच वर्षांनी, पंचेचाळिशीच्या आतबाहेर, ते गेले. व्यंकटेश बापूजी केतकर हेही शिक्षकच. ग्रहगणिताची कोष्टकं त्यांनी नव्यानं बसवली. ही माणसं फावल्या वेळात बसली नसती तर माझ्या रजेला हा विषयच मिळाला नसता.

गीतेच्या चौथ्या अध्यायात यज्ञांचे प्रकार सांगताना द्रव्ययज्ञ आणि तपोयज्ञ यांच्या बरोबरीनं स्वाध्याय आणि ज्ञान यांचाही यज्ञ सांगितला आहे. यज्ञ म्हटला की त्यात काहीतरी सोडावं लागतं. माझी कसोटी तीच. रजेत शिकलेलं पुन्हा अप्रेझलच्या फॉर्मवरच जाऊन बसणार असेल, तर ती रजा नव्हे, कंपनीला फुकट दिलेले तास आहेत. घराचा हप्ता डोक्यावर असताना सर्टिफिकेशनसाठी रजा खर्चणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही, पोट सगळ्यांनाच आहे. पण ते शिक्षण कंपनीनं कामाच्या वेळात द्यायला हवं, हे मी मीटिंगमध्येही बोलते. माझा प्रोग्राम मी कोडसकट खुला ठेवला आहे. ज्यांनी ग्रहगणिताच्या लायब्ररी फुकट लिहून ठेवल्या, त्यांची नावं कोडच्या सुरुवातीला दिली आहेत.

तरी एक प्रश्न उरतोच, आणि मला तो सगळ्यांत मोठा वाटतो. मी बसले होते तेव्हा पोळ्या कोण लाटत होतं? बाईची रजा म्हणजे मुलांच्या सुट्ट्या, माळ्यावरची आवराआवर, सासूबाईंच्या तपासण्या. बहुतेक घरांत ती अशीच संपते. जनाबाईंना तर रजाच नव्हती, त्यांचे अभंग दळता-कांडताना आले. त्यांची थोरवी सांगताना आपण हे सहज म्हणून जातो की खरी तळमळ असली तर वेळ मिळतोच. मला हे म्हणणं क्रूर वाटतं. जात्यावर बसूनही जनाबाई जनाबाई झाल्या, म्हणून दुसऱ्या बाईला जात्यावरच बसवावं असं होत नाही. त्या आठवड्यात स्वयंपाकघर नवऱ्यानं सांभाळलं, सासूबाईंना दवाखान्यात त्यानंच नेलं. एकाच्या स्वाध्यायासाठी दुसऱ्याचे दिवस जात असतील तर तेही ऋणच आहे, आणि ते ऋषींना फेडून फिटत नाही. त्याला कधीची तबल्याची शिकवणी लावायची आहे. दिवाळीनंतर तो रजा घेईल, तेव्हा घर माझ्याकडे.