वाणीचे तप आणि पाण्याचा धर्म



पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकास बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके वसलेले आहेत. दक्षिणेच्या सीमेवरून नीरामाई वाहते, तर इंदापूरच्या उत्तरेस व पूर्वेस भीमामाईचा प्रवाह आहे. श्रीक्षेत्र नीरा नरसिंहपूर येथे या दोन्ही सरितांचा संगम होतो. भक्तश्रेष्ठ प्रल्हादाने या स्थानी वाळूची नृसिंहमूर्ती करून पूजिली, अशी परंपरा आहे. संगमानंतर हाच प्रवाह पुढे पंढरीस जातो आणि तेथे चंद्रभागा या नावाने लक्षावधी भाविकांना स्नानाचे पुण्य देतो.

ज्या पाण्यात आपण हात जोडून उतरतो, ते आपल्यापर्यंत येण्यापूर्वी कोणाच्या तरी गावावरून आलेले असते आणि आपल्यानंतर कोणाच्या तरी गावास जावयाचे असते. नदीकाठी उभा असलेला प्रत्येक मनुष्य कोणाच्या तरी खालच्या अंगाला आणि कोणाच्या तरी वरच्या अंगाला असतो. वरच्या अंगाला असणाऱ्याने खालच्या अंगाच्या तहानेचे भान ठेवावे, हा पाण्याचा धर्म होय. हा धर्म नदीपुरता मर्यादित नाही. ज्याच्या हाती अधिकार आहे, ज्याच्यासमोर ध्वनिक्षेपक आहे, जो रांगेत पुढे आहे, तो त्या घटकेपुरता वरच्या अंगालाच उभा असतो. त्याने कसे बोलावे व कसे वागावे, याविषयी प्रस्तुत लेखात थोडे चिंतन करावयाचे आहे.

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी तपाचे तीन प्रकार सांगितले आहेत: शरीराचे, वाणीचे आणि मनाचे. त्यांपैकी वाणीच्या तपाची लक्षणे प्रत्येकाने ध्यानात ठेवावीत अशी आहेत. बोलणे ऐकणाऱ्याच्या मनास उद्वेग न देणारे असावे, सत्य असावे, प्रिय असावे आणि हितकारकही असावे. स्वाध्यायाचा अभ्यास ही त्याच तपाची जोड. येथे सत्य हे एक लक्षण आहे, सर्वस्व नव्हे. ‘मी खरे तेच बोललो’ एवढ्याने वाणीचे तप पूर्ण होत नाही. ते खरे बोलणे दुःखिताच्या मनास डागणी देत असेल आणि त्यातून कोणाचेही हित साधत नसेल, तर ती वाणी तपाच्या कसोटीस उतरली नाही असेच म्हणावे लागेल. आणखी एक सूक्ष्म गोष्ट अशी की, मौनाची गणना भगवंतांनी वाणीच्या तपात न करता मनाच्या तपात केली आहे. ओठ मिटण्यापूर्वी मन आवरावे लागते, हा त्यातील बोध.

या तत्त्वाची प्रचीती देणारा एक प्रसंग याच भूमीत घडला. सन २०१२-१३ मध्ये महाराष्ट्राच्या मोठ्या भागात भीषण दुष्काळ पडला होता. गावोगावी टँकरची वाट पाहत घागरींच्या रांगा लागत, जनावरे चारा छावण्यांत बांधलेली होती. भीमा नदीवरील उजनी धरण जिवंत साठ्याच्या खाली गेले होते. या धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी असून त्यातील निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे ६३ टीएमसी, मृत साठा आहे. उजनीचे पाणी सोलापूर जिल्ह्यास मिळावे या मागणीसाठी त्या जिल्ह्यातील शेतकरी कार्यकर्ते प्रभाकर देशमुख मुंबईच्या आझाद मैदानावर ५० हून अधिक दिवस उपोषणास बसले होते.

अशा वेळी, ६ एप्रिल २०१३ रोजी, इंदापूर तालुक्यातील निंबोडी येथील सभेत राज्याचे तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी या उपोषणाचा उल्लेख केला. धरणात पाणीच नाही तर ते सोडावयाचे कोठून, देहधर्म करून धरण भरावयाचे काय, अशा आशयाचे उद्गार त्यांच्या मुखातून निघाले. मूळ शब्द देवस्थानाच्या पुस्तिकेत उद्धृत करण्याजोगे नाहीत. राज्यभर संतापाची लाट उसळली, विधिमंडळातही त्याचे तीव्र पडसाद उमटले. त्यांनी जाहीर माफी मागितली, ही आपल्या हातून घडलेली मोठी चूक असल्याचे सांगितले आणि १४ एप्रिल २०१३ रोजी कराड येथे प्रीतिसंगमावरील यशवंतराव चव्हाण यांच्या समाधीपाशी दिवसभर उपवास करून आत्मक्लेश केला. उजनीच्या जलाशयास ‘यशवंतसागर’ हे नाव आहे ते याच यशवंतरावांचे.

भाविकहो, कोणा व्यक्तीची निंदा करण्यासाठी हा प्रसंग येथे सांगितलेला नाही. निंदेने सांगणाराही मलिन होतो आणि ऐकणाराही. परंतु जो दोष सर्वांसमक्ष घडला आणि ज्याचे प्रायश्चित्तही सर्वांसमक्ष झाले, त्यातून बोध घेण्यास प्रत्यवाय नसावा. बोध तीन आहेत.

पहिला बोध वक्त्यासाठी. धरणात सोडण्याजोगे पाणी नव्हते, हे सत्यच होते. तेच सत्य ‘पाणी नाही याचे आम्हांस दुःख आहे, जे आहे ते आधी पिण्यासाठी राखू’ अशा शब्दांतही सांगता आले असते. पाण्याचा एक थेंबही न वाढवता त्या शब्दांनी तहानलेल्यास धीर मिळाला असता. अधिकारी व्यक्तीच्या मुखातील शब्द हा तिच्या आसनाचे वजन घेऊन पडतो. घरातील थट्टा घरात विरते. मंचावरील थट्टा दूर उपाशी बसलेल्या मनुष्यास अपमान म्हणून पोहोचते.

दुसरा बोध श्रोत्यांसाठी. सभेतील अशी वाक्ये एकट्या वक्त्याची नसतात. समोर हसणारे आणि टाळ्या देणारे असतात, म्हणून ती जिभेवर येतात. दुःखिताची चेष्टा होत असता जो हसतो, तो त्या दोषाचा भागीदार होतो. चावडीवर, पारावर, लग्नाच्या मांडवात किंवा अलीकडे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर कोणाच्या दैन्याची टवाळी चालली असता आपण हसलो की गप्प राहिलो, याचा हिशेब ज्याने त्याने निजण्यापूर्वी आपल्या मनाशी करावा.

तिसरा बोध प्रायश्चित्ताविषयी. जाहीर दोषाचे परिमार्जन जाहीरच असावे. चारचौघांत अपमान करावयाचा आणि क्षमा मात्र एकांतात मागावयाची, ही आपल्या घरोघरी आढळणारी रीत आहे. सून, गडी, कनिष्ठ कर्मचारी यांना सर्वांदेखत बोल लावले जातात आणि चूक उमगली तरी ‘जाऊ दे आता’ एवढ्यावर ती मिटविली जाते. सत्तेच्या स्थानी असलेल्या व्यक्तीनेही दिवसभर उपोषित राहून क्लेश करून घ्यावा असे तिला वाटले, ही गोष्ट लहान नव्हे. तथापि प्रायश्चित्त हे पहिले पाऊल असते. त्याची पूर्तता पुढील आचरणाने व्हावी लागते, आणि तहानलेल्यास पाणी मिळेपर्यंत ती होत नाही.

सत्तास्थानी असताना दुष्काळात कसे वागावे, याचा आदर्श याच भीमेच्या खोऱ्यात आपल्या संतपरंपरेने जपलेला आहे. मंगळवेढ्याचे दामाजीपंत हे बिदरच्या बादशहाचे अधिकारी. धान्याची कोठारे त्यांच्या ताब्यात होती, धान्य मात्र सरकारचे होते. दुष्काळात दाराशी आलेली भुकेली माणसे पाहून त्यांनी कोठारे खुली केली. याची शिक्षा मिळणार हे ते जाणून होते. पुढे प्रत्यक्ष पांडुरंगाने विठू महाराचे रूप घेऊन त्या धान्याचे मोल भरले, असे परंपरा सांगते. त्यांनी ‘कोठार माझे नाही, मी काय करू?’ असा प्रश्न विचारला असता तर तोही नियमास धरूनच झाला असता. परंतु मग त्यांचे नाव आज कोणी घेतले नसते.

जगद्गुरू श्री तुकाराम महाराजांनी तर दुष्काळ स्वतःच्या घरात सोसला. सन १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची प्रथम पत्नी आणि पुत्र गेले. पुढे कर्जदारांची खते त्यांनी इंद्रायणीत बुडविली, अशी परंपरा आहे. ज्याने दुःख भोगले त्याने ते दुसऱ्यावर ढकलले नाही. आज त्याच महाराजांची पालखी बारामतीहून काटेवाडी, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर या मार्गाने सराटीस येते आणि तेथे नीरेच्या पाण्यात पादुकांना स्नान घडते. काटेवाडीस परीट बांधव पालखीपुढे धोतराच्या पायघड्या घालतात, मेंढपाळ मेंढ्यांचे रिंगण करतात. वाटेवरचे गावकरी वारकऱ्यास जात-कुळ न विचारता पाणी देतात. वरच्या अंगाने खालच्या अंगास पाणी द्यावे, याचा हा चालता-बोलता पाठच होय.

परंतु वारी पुढे गेली की आपण हा पाठ विसरतो काय? या परिसरास नीरा डाव्या कालव्याचे पाणी मिळते. आवर्तन सुटले म्हणजे चारीच्या तोंडाशी असलेल्या काही जणांचा उसाचा फड दोनदा भिजतो आणि शेवटच्या टोकाचा शेतकरी, ज्यास सर्वजण ‘टेलचा’ म्हणतात, तो रात्रभर कंदील किंवा विजेरी घेऊन कोरड्या चारीवर बसून राहतो. पाळी मोडून दारे फोडणारा मनुष्य सकाळी देवदर्शनास येतो, अभिषेकाची पावतीही फाडतो. त्याने शेजाऱ्याच्या तहानेची थट्टा शब्दाने केली नाही, कृतीने केली. मंचावरील शब्दास रागे भरणाऱ्या आपण सर्वांनी आपापल्या चारीवरील या कृतीचाही विचार करावा.

दर्शनाच्या रांगेतही हेच घडते. कोणाची चिठ्ठी, कोणाची ओळख, कोणाचा दूरध्वनी घेऊन काही मंडळी मधूनच गाभाऱ्याशी पोहोचतात. पहाटेपासून उभी असलेली आजीबाई आणखी मागे सरकते. लग्नाची मुहूर्तघटिका टळून जाते, कारण पाहुणे पुढारी अद्याप यावयाचे असतात. लहान मुले उन्हात भुकेने रडत असता मंचावर सत्काराच्या शाली संपत नाहीत. तीर्थात उतरणारा भाविक जुने वस्त्र, निर्माल्य आणि प्लॅस्टिकची पिशवी पाण्यातच सोडून देतो, आणि खालच्या गावची स्त्री तेच पाणी भरते. या गोष्टी क्षुल्लक वाटतात, म्हणूनच त्या नित्य घडतात. मोठ्यांच्या मोठ्या चुकीस वृत्तपत्र असते. आपल्या लहान चुकीस साक्षी केवळ परमेश्वर.

दानशूर भक्तांसही एक नम्र विनंती. पंखा दिला असता त्याच्या पात्यावर दात्याचे नाव असते. पंखा फिरू लागला की नाव दिसत नाही, वारा मात्र लागतो. दानाचे रहस्य इतकेच आहे. नाव असण्यास हरकत नाही, परंतु ज्यास वारा लागावा त्यास तो लागला की नाही, याकडे दात्याचे अधिक लक्ष असावे. यात्रेकरूंसाठी पाणपोई घातली असेल तर वर्षाच्या शेवटी फलक पुसण्यासोबत नळास पाणी येते की नाही हेही पाहावे.

इंदापूर तालुक्यात पळसदेव येथे उजनीच्या जलाशयात बुडालेले जुने शिवमंदिर आहे. पाणी फार ओसरले की ते उघडे पडते आणि पाहणाऱ्यांची गर्दी होते. धरणासाठी या काठच्या गावांनी आपली घरे, शेते आणि देवळेही पाण्याखाली दिली. त्या त्यागातून खालच्या अंगास पाणी गेले. दुष्काळात ते शिखर वर येते, तेव्हा पाण्याची किंमत कोणी कोणत्या रूपाने मोजली आहे, याची आठवण करून देते. तेथे उभे राहून कोणाच्या तहानेवर विनोद सुचणार नाही.

असो. या क्षेत्री येणाऱ्या प्रत्येक भाविकाने जाताना एवढा एक नियम सोबत न्यावा: मी ज्या ज्या ठिकाणी वरच्या अंगाला आहे, घरात, शेतात, कचेरीत, रांगेत वा सभेत, तेथे बोलण्यापूर्वी आणि घेण्यापूर्वी खालच्या अंगाकडे एकदा पाहीन. ओंजळीत पाणी घेताना पुढच्या गावासाठी ते निर्मळ राखीन. चूक झाली तर जेथे झाली तेथेच क्षमा मागेन.

सर्वांच्या मुखी हितकारक वाणी नांदो, कोणाचेही अंगण तहानलेले न राहो, आणि ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांना इतरांची तहान आपली वाटो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

शुभं भवतु.