बोलीतले अंतर

इंग्लंडच्या मध्य भागात आणि उत्तरेकडे ‘नेश’ असा एक शब्द आहे. जरा गार वारा सुटला की अंग आखडून बसणाऱ्या माणसाला तो लावतात, आणि लावताना थोडे हिणवतातही. शब्द जुना आहे. प्राचीन इंग्रजीत त्याच्या पूर्वरूपाचा अर्थ मऊ, नाजूक असा होता. प्रमाण इंग्रजीने तो टाकला, बोलींनी जपला. स्लोवाक भाषेत याच माणसासाठी ‘झिमोम्रवी’ हा शब्द आहे. अर्थ इतका चपखल जुळतो की भाषांतरकाराने सुटकेचा निःश्वास टाकावा. पण हा शब्द शब्दकोशातला, ब्रातिस्लाव्हातल्या एखाद्या प्राध्यापकाच्याही तोंडी शोभणारा. ‘नेश’ म्हणणारा साधारण कुठला आणि कोणत्या थरातला, हे इंग्रज वाचक लगेच ताडतो. ‘झिमोम्रवी’वरून स्लोवाक वाचकाला कळते ते एवढेच, की कोणाला तरी थंडी सोसत नाही. अर्थ पोचला, माणूस वाटेतच राहिला.

मग स्लोवाक बोलीतला शब्द का घेऊ नये? बोलींची तिथे वाण नाही. साध्या बटाट्याला प्रमाण भाषेत ‘झेमियाकी’ म्हणतात, पश्चिमेला ‘क्रुम्पले’, उत्तरेकडे कुठे ‘श्वाबका’, कुठे ‘ग्रुले’, आणि पूर्वेला ‘बंदुर्की’. अडचण नेमकी या संपन्नतेतच आहे. ‘बंदुर्की’ म्हटले की पूर्व स्लोवाकियाचा नकाशा डोळ्यांपुढे येतो, आणि यॉर्कशरचा शेतगडी एकाएकी प्रेशॉव्हजवळच्या खेड्यातला होऊन बसतो. शेजारच्या चेक भाषांतरकाराची यातून बरीच सुटका होते. बोहेमियात प्रमाण चेकच्या खाली एक सर्वसाधारण बोलभाषा पसरलेली आहे; प्रमाण भाषेतल्या ‘दोब्री’चे तिथे ‘दोब्रेय’ होते. तेवढ्या एका प्रत्ययाने पात्र अनौपचारिक होते आणि तरीही कोणत्या एका खेड्याचे होत नाही. स्लोवाकला असा मधला मजला नाही. बर्नोलाकने 1787 मध्ये पश्चिमेकडच्या सुशिक्षितांच्या भाषेवर पहिले प्रमाण रूप बेतले, श्टूर आणि त्याच्या सोबत्यांनी 1843 मध्ये मध्य स्लोवाकियाची बोली पायाला घेतली, आणि हंगेरियनच्या दडपणाखाली, चेकच्या सावलीत या तरुण भाषेला स्वतःची हद्द सतत राखावी लागली. हद्द राखणाऱ्या भाषेत प्रमाण रूपाखाली एकतर गावाची बोली असते, नाहीतर शहरी पोरांची. यॉर्कशरच्या म्हाताऱ्याला यातले काहीच चालत नाही.

एमिली ब्राँटेच्या 1847 च्या कादंबरीतला जोसेफ हा असाच म्हातारा: कर्मठ, कुरकुऱ्या, आणि तोंड उघडले की अस्सल यॉर्कशर. ती बोली इतकी दाट होती की 1850 च्या आवृत्तीत खुद्द एमिलीच्या बहिणीने, शार्लटने, तिचे लेखन सौम्य केले, कारण दक्षिणेकडच्या इंग्रजांना ती कळणार नाही अशी तिला धास्ती होती. म्हणजे जोसेफचे पहिले भाषांतर इंग्रजीतच झाले, आणि तेही बहिणीच्या हातून. पूर्व स्लोवाकियाचा अभिमानी यावर विचारील की जोसेफला आमची शारिश बोली द्यायला काय हरकत आहे? आमची बोली काय फक्त विनोदापुरतीच राखून ठेवायची? प्रश्न रास्त आहे, आणि त्यामागे दुखावलेपण आहे. पूर्वेकडे स्वरांची दीर्घता नाही, आघात उपान्त्य अक्षरावर पडतो, ‘चो’चे ‘त्सो’ होते, आणि एवढ्यावरच बाकीचे लोक हसतात. पण या बोलीला स्वतःचा इतिहासही आहे. 1918 च्या डिसेंबरात पूर्वेकडचे ‘स्लोव्याक’ हे वेगळे राष्ट्र असल्याचा दावा करून एक अल्पजीवी प्रजासत्ताक जाहीर झाले होते. असले ओझे जोसेफच्या पाठीवर लादले तर तो जोसेफ राहत नाही. शारिश बोलीला प्रतिष्ठा हवी, ती तिच्यात लिहिलेल्या मूळ साहित्याने मिळेल; परक्या म्हाताऱ्याच्या तोंडी उसनी घालून मिळणार नाही.

इथे आपल्याकडचा ‘ती फुलराणी’चा दाखला कोणी पुढे करील. शॉच्या एलायझाला पु. ल. देशपांड्यांनी 1975 मध्ये मराठी बोली दिलीच की, आणि ती काय बहरली! बहरली, कारण पुलंनी लंडनच सोडून दिले. तिथे माणसेही मराठी आहेत, रस्तेही मराठी. ते रूपांतर आहे. कादंबरीच्या भाषांतरकाराला ही मुभा नसते. त्याला यॉर्कशरचा माळ यॉर्कशरमध्येच ठेवून बोलायचे असते.

म्हणून माझे म्हणणे असे, की बोलीतल्या शब्दाला शब्द शोधू नये; बोलणारा आणि ऐकणारा यांच्यातले जे अंतर त्या शब्दाने दाखवले, ते शोधावे. ‘आय’ या उत्तरेकडच्या होकाराला ‘हेय’ हा स्लोवाक होकार पुरतो, कारण तो औपचारिक ‘आनो’पासून तितकाच लांब उभा आहे, प्रदेश हरवला तरी चालतो. लॉरेन्सच्या 1928 च्या कादंबरीतला मेलर्स मात्र खरी परीक्षा घेतो. हा शिकारराखा सैन्यात अधिकारी होता, हिंदुस्थानात राहिलेला आहे, शुद्ध इंग्रजी बोलू शकतो. डार्बीशरची बोली तो ठरवून वापरतो, कधी ढाल म्हणून, कधी लाड म्हणून. त्या बोलीत जुने एकेरी ‘दा’ टिकून आहे, आणि स्लोवाकमध्ये मराठीसारखाच तू-तुम्हीचा भेद, ‘ति’ आणि ‘वि’, आहे. वाटते, काम झाले. पण प्रेम जमल्यावर मेलर्स कधी ‘दा’ म्हणतो, कधी प्रमाण ‘यू’, आणि या ये-जा करण्यातच त्याचे सगळे मन आहे. स्लोवाकमध्ये दोन्ही ठिकाणी ‘ति’च येणार, मधेच ‘वि’ घातले तर वाचकाला भांडण झाल्यासारखे वाटेल. तेव्हा सर्वनामाचा नाद सोडून वाक्याकडे वळावे लागते: एकीकडे तोडलेली, क्रियापद गिळलेली, ‘हेय’ आणि ‘नो’ यांनी भरलेली वाक्ये, दुसरीकडे पूर्ण, इस्त्री केलेली. एकही बोलीशब्द न वापरता त्याचे अंतर पुन्हा उभे राहते. यावर ‘हे सपाटीकरण आहे’ असा आक्षेप येतो. जिथे भाषांतरकार कोशातला शब्द ठेवून गप्प बसतो तिथे हा आक्षेप खराच आहे, आणि असे पुष्कळदा घडतेही.

आणि एके ठिकाणी ही युक्तीही हरते, हे कबूल केले पाहिजे. एमिलीच्या शीर्षकातला ‘वदरिंग’ हाच मुळी बोलीतला शब्द. स्लोवाक शीर्षक ‘बूर्लिवे वीशिनी’, म्हणजे वादळी उंचवटे; शुद्ध प्रमाण भाषा. शीर्षकाला बोलणारा नसतो, म्हणून तिथे काही बिघडत नाही. पण पहिल्याच प्रकरणात निवेदक हा शब्द स्थानिक असल्याचे सांगून त्याचा अर्थ समजावतो. ‘बूर्लिवी’ हा शब्द तर देशातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे. तो स्थानिक कसा, हे त्या एका वाक्यात कोणत्याही भाषांतरकाराला पटवून देता येणार नाही. तिथे सरळ ‘वदरिंग’ हा मूळ शब्दच ठेवावा आणि निवेदकाला तो समजावू द्यावा.